पेटीबाबा

२ जानेवारी २०२३ रोजी बेंजामिन सॅम्युअल आष्टमकर यांनी आमच्या पतसंस्थेत एक लाख छत्तीस हजार चारशे सत्तर रुपये रोख भरले. नोटा बहुतेक दहा, वीस आणि पन्नासाच्या होत्या. पुष्कळशा कुंकवाने लालसर झालेल्या, काही खोबरेल तेलाने चिकट. मी त्या शाखेचा व्यवस्थापक होतो, अजून आहे, येत्या मे महिन्यात निवृत्त होईन. आमची रोखपाल पूनम नोटा मोजता मोजता मधूनच ओढणीला बोटं पुसत होती. काउंटरच्या पलीकडे बेंजामिन, म्हणजे आमचे बुनाकाका, खुर्ची ओढून ऐटीत बसले होते.

"नीट मोज गं पोरी," ते म्हणाले. "बाबाचे पैसे हायत. एक नोट जरी कमी आली तर बाबा तुझ्या सायबाला धरील."

"मला का?" मी आतून विचारलं.

"तू सायेब ना? पगार कशाचा घेतोस मग?"

रांगेतले लोक हसले. दोन कोळणी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पैशाच्या ढिगाकडे बघून हात जोडले.

हे पैसे कुठून आले ते कळायला बुनाकाका कोण ते आधी सांगायला हवं.

आमचं गाव रेवदंड्याहून काशीदकडे जाताना लागतं. समुद्राला लागून कोळीवाडा, रस्त्याच्या वरच्या अंगाला आमची शेतकऱ्यांची घरं, आणि मध्ये इस्रायल आळी. या किनाऱ्यावर बेने इस्राएल लोक कित्येक पिढ्या राहिले. धर्माने ज्यू, बोलण्या-नेसण्याने आमच्यासारखेच. त्यांचे वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून जुने लोक त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या लहानपणी त्या आळीत नऊ घरं होती. मग कोणी ठाण्याला गेले, कोणी इस्रायलला. बुनाकाकांची मुलगी दिनासुद्धा लग्न होऊन तिकडे गेली. रिबकाकाकू २०१६ मध्ये वारल्या. आळीत एकटे बुनाकाका राहिले.

ते बोटींची मशिनं दुरुस्त करायचे. हात कायम काळे, तोंड कायम चालू. नाखवा मशीन बिघडल्याचं सांगायला आला की आधी त्याच्या बापाच्या बोटीची एखादी गोष्ट सांगायचे, मग पाना हातात घ्यायचे. साठी उलटल्यावर डोळे कमी झाले आणि काम सुटलं. मुलगी पैसे पाठवायची, खाण्यापिण्याची ददात नव्हती. पण पूर्वी दिवसातून चारदा कोणी तरी "बुनाभाऊ" अशी हाक मारत दारात यायचं, ते थांबलं. त्याचा त्यांना त्रास व्हायचा. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि उठायचं नाव घेत नसत.

आळीच्या टोकाला त्यांचं प्रार्थनाघर आहे. गाव त्याला मशीदच म्हणतं. जाड भिंतींची, कौलारू, साधी इमारत. आत चित्र नाही, मूर्ती नाही. पश्चिमेच्या भिंतीत एक कपाट, त्याला ते हेखाल म्हणतात, त्याच्यावर मखमली पडदा. कपाटात दोन वर्षांच्या मुलाएवढ्या उंचीची गोल लाकडी पेटी, आणि पेटीत तोरा, म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली त्यांच्या धर्मग्रंथाची गुंडाळी. बुनाकाकांच्या पणजोबांनी ती एका बगदादी व्यापाऱ्याकडून घेतली होती. लहानपणी आम्ही पोरं बुनाकाकांच्या वडिलांना, सॅम्युअलआजोबांना, चिडवायचो, "आजोबा, तुमच्या देवाला तोंडच नाही, मग तो जेवतो कसा?" आजोबा रागावत नसत. म्हणायचे, "तो जेवत न्हाय, तो जेवायला घालतो." त्या गुंडाळीत दहा आज्ञा आहेत आणि त्यांत मूर्ती करू नको, तिच्या पाया पडू नको, असं स्पष्ट लिहिलं आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

त्यांचा एक नियम आहे. दहा पुरुष जमल्याशिवाय तोरा बाहेर काढून वाचत नाहीत. आळी रिकामी होत गेली तसे दहा जमेनात. वाचन बंद पडलं. तरी पावसाळ्याआधी सॅम्युअलआजोबा आणि त्यांच्यामागे बुनाकाका आणि काकू पेटी उघडून गुंडाळी चटईवर पसरत, हवा देत, कसर लागली का बघत. एवढ्याला दहा माणसं लागत नाहीत. काकू गेल्यावर तेही थांबलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या बाजूला झाडं, पत्रे, विजेचे खांब, काही उरलं नाही. कोळीवाड्यातली जनी तेव्हा मशिदीत धावत आली, कारण तिच्या घराचं छप्पर गेलं होतं आणि पक्की भिंत तीच जवळची. तिचा मुलगा चंदर सकाळी बोट खाडीत आत घ्यायला गेला होता, तो परतला नव्हता. बुनाकाका आत होतेच. वारा सुटला तसा पडदा उडाला आणि पेटी दिसली.

"ह्याच्यात काय हाय?" जनीने विचारलं.

"देवाचं पुस्तक."

"मंग माझा चंदर येऊ दे. मी नारळ देईन." तिने कपाटापुढे डोकं टेकलं.

चंदर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बोट गेली होती, तो खारफुटीत झाडाला धरून राहिला होता. जनी नारळ, फुलं आणि अगरबत्ती घेऊन मशिदीत आली.

"जनी, आमच्यात नारळ न्हाय चालत," बुनाकाका म्हणाले.

"तुमच्यात न्हाय, माझ्यात हाय. मी तुला देते का? मी ह्याला देते."

बुनाकाकांनी दार अडवलं नाही. त्यांनी मला नंतर हे सांगितलं तेव्हा ते हसत होते. मीही हसलो.

पुढच्या मंगळवारी चार कोळणी आल्या. लॉकडाऊन असतानाही श्रावणापर्यंत रांग लागली. कुणाची बोट, कुणाचं पोटाचं दुखणं, कुणाचं माणगावला अडकलेलं जमिनीचं काम. लॉकडाऊन उठल्यावर काशीदला आलेले मुंबईचे लोकही गाड्या थांबवू लागले. पेटीला नाव पडलं पेटीबाबा. आधी पडद्याआडून दर्शन होतं. मग बुनाकाका पेटी कपाटाबाहेर स्टुलावर ठेवू लागले. लोक तिला तेल लावायचे, फुलं वाहायचे, वरच्या फटीतून नवसाच्या चिठ्ठ्या आणि नाणी आत टाकायचे. खाली नारळ फोडायचे, पाणी स्टुलावर आणि पेटीच्या बुडाशी झिरपायचं. बुनाकाकांना खुर्ची मिळाली. पुन्हा दिवसभर "बुनाभाऊ, बुनाभाऊ" सुरू झालं.

दानपेटीला दोन कुलुपं असावीत आणि पावती पुस्तक छापून घ्यावं, हे मी सुचवलं. बेहिशेबी पैसा मला बघवत नाही. छापखान्यात पुस्तकावर काय घालायचं असं विचारलं तेव्हा "पेटीबाबा देवस्थान" हे नावही मीच सांगितलं. माझी मुलगी क्रांती शिक्षिका आहे, तेव्हा जव्हारला होती. तिची बदली रायगडात व्हावी म्हणून मीही एक चिठ्ठी फटीतून टाकली. तारीख घालून, खाली सही करून.

एकदा मी त्यांना ओट्यावर विचारलं होतं. "बुनाकाका, तुमच्यात मूर्ती चालत नाही ना?"

"पेटी म्हणजे मूर्ती हाय का? तिला नाक हाय? डोळे हायत?"

"लोक पाया पडतात तिच्या."

"लोक पडतात. मी पडतो का?" ते उठले, परत बसले. "आणि दत्तू, लोकांना गुण येतो. मी काय करू? हाकलून देऊ?"

पण लवकरच ते स्वतःही म्हणू लागले. बाबाने सांगितलं, बाबा रागावला, बाबाला पिवळी फुलं आवडतात. एखादीचा नवस फळला नाही तर विचारायचे, "चपला बाहेर काढलेल्या का?" दिनाचा फोन आला की तिला यातलं काही सांगत नसत. ठाण्याच्या त्यांच्या समाजाने दोनदा निरोप पाठवला की ग्रंथ आमच्याकडे द्या, इथे रोज वाचन होतं, नीट राहील. ते म्हणाले, "माझ्या पणजोबाचा हाय, मी जिता असेपर्यंत इथनं हलणार न्हाय." पेटी गेली तर मंगळवारी दारात कोण येणार, हे त्यांना आणि मलाही माहीत होतं.

जानेवारीत भरलेले ते पैसे चांदीसाठी होते. अलिबागचा कारागीर गणराज पेटीवर चांदीचा पत्रा चढवून देणार होता. कारण फेब्रुवारीत मोठी गोष्ट होणार होती. दिना नवऱ्यासोबत येणार होती, आणि अलिबागजवळच्या एलियाहू नबीच्या उरसाला इस्रायलहून व ठाण्याहून येणारी मंडळी तिने गुरुवारी आमच्या गावी वळवली होती. त्यांत बारा पुरुष होते. कित्येक वर्षांनी मशिदीत तोरा वाचली जाणार होती. बुनाकाकांना वाचनाला पुढे बोलावणार होते, रिबकाकाकूंच्या नावाने प्रार्थना होणार होती. ते मला दररोज तेच सांगायचे. रात्री मान खाली घालून हिब्रू पुटपुटत बसायचे, विसरलेलं आठवायचे. काकू गेल्या तेव्हाही त्या प्रार्थनेला लागणारी दहा माणसं मिळाली नव्हती, तेवढी एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती.

गणराजने पत्रा ठोकायच्या आधी म्हटलं, "काका, आतलं काढून द्या. ठोकताना धक्का बसतो. आणि वास येतोय हो ह्याला."

"दहा माणसांबिगर उघडत न्हायत," बुनाकाका म्हणाले. "वास तेलाचा हाय. कापूर ठेव वर."

मी तिथेच होतो. सॅम्युअलआजोबा दर वर्षी मे महिन्यात पेटी उघडायचे हे मला आठवत होतं. मी बोललो नाही.

९ फेब्रुवारीला सकाळी दोन गाड्या आल्या. दिना बापाच्या गळ्यात पडून रडली. मग तिचं लक्ष दारावरच्या झेंडूच्या माळांकडे आणि "पेटीबाबा देवस्थान" या पाटीकडे गेलं.

"पप्पा, हे काय?"

"लोकं करतात बाळा. त्यांची श्रद्धा हाय."

"आणि आत?"

"आत बघ की. चांदी केलीय."

बाहेर मंगळवारसारखीच गर्दी होती, कारण बाबा उघडणार ही बातमी कोळीवाड्यात पोचली होती. जनी सगळ्यांत पुढे, नवं लुगडं नेसून. आत बारा पुरुष पांढऱ्या शाली पांघरून उभे राहिले. ठाण्याचे हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, शालोमजी नावाचे वयस्क गृहस्थ होते. पेटी त्या दिवसासाठी परत कपाटात ठेवली होती. त्यांनी पडदा सारला, पेटी उचलली आणि त्यांचा चेहरा बदलला. पेटी बुडाशी ओली लागत होती.

झाकणावर चांदीचे खिळे होते. बुनाकाकांनी स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर आणून ते उपसले. झाकण निघालं तसा कुजलेल्या फुलांचा आणि ओल्या कातड्याचा वास सगळीकडे पसरला. दाराशी उभ्या बायकांनी पदर नाकाला लावला. आत वरती काळ्या पाकळ्यांचा थर, त्यात हिरवी पडलेली नाणी, चिठ्ठ्या. त्याखाली गुंडाळी होती. ओलीने फुगून कातडं एकजीव झालं होतं. शालोमजींनी नखाने कड सोडवायचा प्रयत्न केला. एक थर उचलला गेला आणि अक्षरं खालच्या थराला चिकटून राहिली. आणखी एक उचलला, तिथे नुसती बुरशी. एक अक्षर गेलं तरी तो ग्रंथ वाचनाला चालत नाही, असा त्यांचा नियम. इथे मोजायला काही शिल्लकच नव्हतं.

एका म्हाताऱ्याने शाल डोक्यावरून ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. शालोमजी चिठ्ठ्या बाजूला काढत होते. एक चिठ्ठी तेवढी वाचता येत होती. माझं अक्षर चांगलं आहे. खाली माझी सही होती. त्यांनी ती शेजारच्या बाकावर ठेवली, मी बघत उभा राहिलो.

"सेफेरला हवा कधी दिली होती?" त्यांनी गुंडाळीकडे बघत हळूच विचारलं.

बुनाकाका उपसलेले खिळे गोळा करू लागले.

"पप्पा, ते विचारतायत," दिना म्हणाली.

"तुझी आई गेली त्याच्या आदल्या वर्षी."

तेवढ्यात जनी उंबऱ्यात आली. "बुनाभाऊ, काय झालं? बाबाला काय झालं?"

बुनाकाकांनी मागे वळून पाहिलं. आत त्यांचे लोक, बाहेर आमचे. त्यांना दोन्हीकडे बघवेना. शेवटी ते पेटीकडेच बघून बोलले.

"बाबा नव्हता जनी. पुस्तक व्हतं. त्याच्यात लिहिलेलं व्हतं का देव बनवू नको. मी त्याचाच देव बनवला. आता लिहिलेलं पण सडलं."

"म्हणजे ह्याच्यात देव नव्हता?"

"न्हाय."

"मंग माझा चंदर कोणी आणला?"

"ज्यानं दर्या केला त्यानं. त्याला पेटी लागत न्हाय. तू तुझ्या घरातनं हाक मारली असतीस तरी त्यानं ऐकलं असतं."

जनी उंबरा ओलांडून त्यांच्यापुढे आली. मग म्हणाली, "हे तुला तवाच ठाव व्हतं."

"व्हय."

"आणि तू नारळ घेत राहिलास. चपला काढल्या का म्हणून मला विचारलंस. माझ्या भावजयीचा पोर गेला, तवा तू काय म्हणालास? म्हणालास, फुलं शिळी आणलीस. ती बाई अजून रडते त्या फुलांसाठी."

बुनाकाका खाली बसले. भर गर्दीत, नारळाच्या पाण्याने ओल्या फरशीवर; पांघरलेली शाल त्या ओलीत लोळली. त्यांना कोणी उठवलं नाही. दिनासुद्धा नाही.

वाचन झालं नाही. काकूंच्या नावाची प्रार्थना मात्र शालोमजींनी करून घेतली. दहा माणसं होती, त्यामुळे ती करता येत होती. बुनाकाकांनी ती बसल्या जागेवरून म्हटली. मधे ते विसरले. शालोमजींनी शब्द पुढे केला, तो त्यांनी म्हटला, पुन्हा विसरले.

खराब झालेला ग्रंथ माणसासारखा पुरतात. शेजारच्या गावी टेकाडावर त्यांचं कब्रस्तान आहे, तिथेच काकू आहेत. मंडळींना संध्याकाळच्या आत निघायचं होतं, म्हणून त्याच दुपारी नेलं. गावातल्या कमलेशचा टेम्पो भाड्याने केला. गणराजचा चांदीचा पत्रा तिथेच काढून ठेवला आणि गुंडाळी पांढऱ्या कापडात बांधून मोठ्या मडक्यात घातली. बुनाकाका टेम्पोच्या मागच्या भागात मडकं मांडीवर धरून बसले. खड्डा चंदरने खणला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. कोळीवाड्यातली पंधरावीस माणसं पायी टेकाडावर आली आणि कुंपणाबाहेर उभी राहिली. जनी आली नाही.

माती लोटल्यावर शालोमजी बुनाकाकांना म्हणाले, "आष्टमकर, देवाचं काही गेलं नाही. गेलं ते आपलं."

बुनाकाकांनी मान हलवली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला.

पुढच्या आठवड्यात ते शाखेत आले. चांदीचा पत्रा मोडून आलेले आणि खात्यात राहिलेले पैसे त्यांना परत वाटायचे होते. पण कोणाचे किती, हे पावत्यांवर धड नावं नसल्याने कळेना. काहींनी दार लावून घेतलं, काहींनी "देवाला दिलेलं परत घेत न्हाय" म्हणून हात मागे घेतले. तेव्हा त्यांना पुन्हा सगळं सांगावं लागे, प्रत्येक ओट्यावर उभं राहून. जनीच्या भावजयीकडे ते तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिने ऐकून घेतलं. शिळ्या फुलांनी तुझा पोर गेला न्हाय, मी खोटं बोललो, एवढंच ते म्हणाले. तिने पैसे घेतले नाहीत, पण भांडं भरून पाणी दिलं. उरलेली रक्कम वादळात छपरं गेलेल्या घरांच्या कौलांना गेली.

दिनाने त्यांना सोबत चला म्हटलं. ते गेले नाहीत. म्हणाले, "इथं केलंय, इथंच बसतो."

आता ते दर शनिवारी मशीद उघडतात. कपाट रिकामं आहे, पडदा नाही. ते एकटे उभे राहून म्हणतात ते आमच्या ओट्यावर ऐकू येतं, कारण शेवटी ते मराठीतही म्हणतात, "ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे." अजूनही कोणी तरी रिकाम्या कपाटाला हार घालून जातं. बहुतेक बाहेरगावचे असतात. बुनाकाका हार काढून बाहेर ठेवतात आणि माणूस समोर असेल तर त्याला घडलेलं सगळं सांगतात. ते संध्याकाळी आमच्याकडे येत नाहीत. मीच जातो. आम्ही फारसं बोलत नाही. एकदा ते म्हणाले, "दत्तू, पावती पुस्तकं राहिली असतील तर जाळून टाक." मी जाळली. क्रांतीची बदली झाली, ती शिक्षण खात्याच्या यादीप्रमाणे झाली. त्या चिठ्ठीबद्दल मी घरी कोणाला सांगितलेलं नाही.

कमलेशच्या टेम्पोचं भाडं साडेसहाशे ठरलं होतं. चारशे मी त्या दिवशी दिले. अडीचशे रुपये द्यायचे राहिले आहेत.